स्वस्त आणि महाग हार्मोनिका: काही महिने दोन्ही वाजवल्यानंतर

दहा भोकांची डायाटोनिक (एकाच पट्टीच्या सुरांची) हार्मोनिका उघडली की पाच भाग हातात येतात: दोन कव्हर प्लेट्स, दोन रीड प्लेट्स आणि मधला कॉम्ब, म्हणजे भोकांचा सांगाडा. वरच्या प्लेटवर फुंकण्याच्या दहा रीड्स (श्वासाने थरथरून सूर देणाऱ्या धातूच्या पातळ जिभा), खालच्या प्लेटवर ओढण्याच्या दहा. सगळ्यात स्वस्त हार्मोनिकातही एवढंच असतं आणि सगळ्यात महागातही. फरक पडतो तो हे भाग एकमेकांवर किती घट्ट बसतात आणि प्रत्येक रीड किती नीट लावलेली आहे यात. दोन्ही प्रकारच्या हार्मोनिका काही महिने रोज आलटूनपालटून वाजवल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: स्वस्त हार्मोनिकाची अडचण आवाजाची नाही, हवेची आहे. आणि हवेची अडचण बऱ्याच अंशी घरी दूर करता येते.

तुलनेत तीन थर होते. तळाला सात पट्ट्यांच्या (सी, जी अशा वेगवेगळ्या मूळ सुरांच्या) संचात मिळतात तशा, प्लॅस्टिक कॉम्बच्या स्वस्त हार्मोनिका. मध्ये होनर स्पेशल २० आणि ली ऑस्कर. वर होनरचीच मरीन बँड क्रॉसओव्हर आणि स्टीलच्या रीड्सची सायडेल १८४७. या विक्रीच्या ओळखी झाल्या. वाजवताना मात्र तीनच गोष्टी जाणवतात: सूर किती कमी श्वासात उमटतो, बेंड (तोंडाच्या पोकळीने खाली ओढलेला सूर) किती ताब्यात राहतो आणि सगळी भोकं सारखी वागतात की नाही. तिसऱ्या गोष्टीत स्वस्त हार्मोनिका सर्वात जास्त मार खाते. पाच भोकं छान, दोन बरी आणि तीन जड, असा प्रकार. वाजवणारा त्या तीन भोकांपाशी नकळत जोर लावतो आणि तीच सवय पुढे चांगल्या हार्मोनिकाच्या रीड्सही लवकर मारते.

गळती आहे का हे पाहण्याची सोपी रीत अशी. २ नंबरच्या भोकातून अगदी हलका, लांब श्वास ओढा आणि सूर चालू असतानाच दोन्ही कव्हर्स बोटांनी मधोमध दाबा. दाबताक्षणी आवाज भरला तर रीड प्लेट आणि कॉम्ब यांच्यामध्ये फट आहे. स्वस्त हार्मोनिकात हे हमखास सापडतं, कारण साच्यातून काढलेला कॉम्ब मध्यभागी किंचित वाकलेला असतो आणि प्लेट धरून ठेवायला स्क्रू मोजकेच असतात.

उपाय म्हणजे कॉम्ब सपाट करणे. जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, कॉम्बच्या पृष्ठभागावर पेन्सिलने आडव्या-उभ्या रेघा मारा आणि कॉम्ब पेपरवर आठच्या आकड्यासारखा फिरवा. मधल्या भागावरची पेन्सिल आधी शिल्लक राहते. ती सगळीकडून सारखी पुसली गेली की ८०० नंबरवर दोन-चार फेऱ्या मारून थांबा. दोन्ही बाजू करायच्या. मग धुवून, पूर्ण सुकवून, भोकांत भुसा राहिला नाही ना हे उजेडाकडे धरून बघायचं, कारण एक कण रीडखाली अडकला तरी ती रीड मुकी होते. प्लेट्स परत बसवताना स्क्रू मधून कडेकडे, प्रत्येकी थोडे थोडे आवळावेत. प्लॅस्टिकमधले आटे लगेच जातात. एकदा गेले की तो स्क्रू कायमचा सैल, आणि त्या टोकाला हवा गळत राहते.

एवढ्यानेच स्वस्त हार्मोनिका ओळखू येणार नाही इतकी बदलते. आवाज मोठा होतो हे तर आहेच, पण खरी सुधारणा खालच्या चार भोकांत दिसते, जिथे बेंड घ्यायचे असतात. सी पट्टीच्या हार्मोनिकावर ३ ड्रॉ (तिसऱ्या भोकातून ओढलेला सूर) हा बी असतो आणि तो तीन अर्धस्वर खाली, ए फ्लॅटपर्यंत नेता येतो. गळक्या हार्मोनिकावर पहिला अर्धस्वर कसाबसा येतो आणि पुढे सूर तुटतो. वाजवणाऱ्याला वाटतं आपली जीभ चुकते आहे.

यानंतर रीड्सची उंची. रीडचं मोकळं टोक प्लेटपासून किंचित वर उचललेलं असतं. ती फट साधारण रीडच्या टोकाच्या जाडीएवढी असावी. खालच्या, लांब रीड्सना थोडी जास्त आणि वरच्या, आखूड रीड्सना कमी. फट जास्त असेल तर सूर उशिरा उठतो आणि श्वास खातो. फट कमी असेल तर हलक्या श्वासात छान वाजतं, पण जरा जोर दिला की रीड गप्प बसते. स्वस्त हार्मोनिकात दोन्ही दोष एकाच प्लेटवर शेजारीशेजारी दिसतात. आणखी एक दोष बहुतेकांच्या लक्षात येत नाही: पुष्कळ रीड्स रिव्हेटपासूनच (रीड प्लेटला जिथे ठोकून जोडलेली असते तिथपासूनच) उचललेल्या असतात. टोकाची फट मापात असली तरी मुळाशी हवा निसटत राहते. प्लेट डोळ्यासमोर आडवी धरून पाहिलं की दिसतं. चांगली लावलेली रीड मुळाशी प्लेटच्या पातळीत असते आणि टोकाकडे हळूहळू वर जाते.

हे दुरुस्त करायला लाकडी टूथपिक आणि ०.०५ मिलिमीटर जाडीची पितळी किंवा स्टीलची पातळ पट्टी पुरते. मूळ खाली घ्यायचं तर टूथपिकने रिव्हेटच्या जरा पुढे दाबून दोन-तीन सेकंद धरा, सोडा, वाजवून पाहा. टोक उचलायचं तर पट्टी खाली सरकवून रीड मध्यापासून पुढे हलकेच वर न्या. रीड टोकापाशी घडी पडल्यासारखी वाकवू नका, तिथे ती पुढे थकते. एका रीडला एकावेळी एकच हालचाल. कव्हर न लावता, प्लेट्स कॉम्बवर स्क्रूने बसवूनच ऐकावं. नुसत्या हाताने दाबून धरून केलेला अंदाज फसवा असतो.

धातूची किणकिण ऐकू आली तर फट बघण्याआधी रीड खाचेत सरळ आहे का ते पाहा. प्लेट दिव्यासमोर धरली की रीडच्या दोन्ही बाजूंना उजेडाची बारीक रेघ दिसायला हवी. एका बाजूची रेघ गायब असेल तर रीड तिथे घासते आहे. रिव्हेटपाशी हलका धक्का देऊन ती मधोमध आणता येते. या रेघांची रुंदी हाच स्वस्त-महागातला असा फरक आहे जो घरी पूर्ण भरून निघत नाही. महाग हार्मोनिकात ती रेघ केसासारखी असते, स्वस्तात ढळढळीत. गुळगुळीत, गोल स्टीलचं टोक खाचेच्या कडांवरून फिरवून धातू आत सारतात आणि खाच किंचित अरुंद करतात; याला एम्बॉसिंग म्हणतात. ते जमतं, पण जरा जास्त झालं की रीड अडकते. मुळापाशी तर जाऊच नये. हे शिकायला स्वस्त हार्मोनिकाइतकं चांगलं साधन नाही. नवी क्रॉसओव्हर त्यासाठी खोलू नये.

सुराबद्दल. स्वस्त हार्मोनिका बेसूर असते हे सरसकट खरं नाही; ती असमान असते. सी पट्टीत १, ४, ७ आणि १० ब्लो (फुंकून येणारे सूर) हे चारही सी. जिभेने मधली भोकं झाकून १ आणि ४ एकत्र फुंका, मग ४ आणि ७. सूर डोलत असेल तर त्यातली एक रीड उतरलेली किंवा चढलेली आहे. सूर चढवायला रीडच्या टोकाकडचा धातू किंचित खरवडतात, उतरवायला मुळाकडचा. खाली पातळ पट्टी ठेवून, रीडच्या लांबीच्या दिशेने, दोन-तीन हलके ओरखडे द्यावेत आणि ऐकावं. आडवा ओरखडा पडला की पुढे तिथेच तडा जातो. बोटाच्या उबेने सूर तात्पुरता हलतो, म्हणून लगेच निकाल लावू नये. ट्यूनरवर ४४० हर्ट्झला काटा जुळवण्याचाही हट्ट नको. श्वासाच्या दाबाखाली सूर थोडा उतरतो, म्हणून कारखान्यातच रीड्स ४४२ च्या आसपास लावण्याची पद्धत आहे.

इथे एक सावधगिरी. काही हार्मोनिका सम स्वरांतरांत (सगळे अर्धस्वर सारख्या अंतरावर) लावलेल्या असतात, ली ऑस्करच्या नेहमीच्या मॉडेलसारख्या. त्यांवर एकेरी सुरांची गाणी स्वच्छ वाजतात. मरीन बँडची परंपरा कॉर्ड (एकत्र वाजवलेले अनेक सूर) गोड वाजाव्यात अशा लावणीची आहे. पूर्ण शुद्ध लावणीत ५ ड्रॉ सम स्वरांतरापेक्षा ३१ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो, आणि तो तसाच असायला हवा. ट्यूनरवर तो लाल दिसला म्हणून खरवडायला घेतला तर २-३-४-५ ड्रॉची कॉर्ड कर्कश होते. स्वस्त हार्मोनिकात मात्र अशी उतरण बहुधा कुठल्याच हिशेबाची नसते: एका पट्टीत ५ ड्रॉ खाली, दुसऱ्या पट्टीत वर.

टिकाऊपणात महाग हार्मोनिका सरळ जिंकते, पण किमतीच्या प्रमाणात नाही. रोज वाजवलं तर ४ आणि ५ ड्रॉ सहसा आधी दम तोडतात. रीड रिव्हेटजवळ थकते, तिथे सूक्ष्म तडा जातो आणि सूर एकाएकी उतरतो. तो वर आणला तरी काही दिवसांत पुन्हा उतरतो. तसं झालं की रीड संपली समजावं. होनर, सायडेल आणि ली ऑस्कर सुट्या रीड प्लेट्स विकतात, त्यामुळे कव्हर आणि कॉम्ब तेच ठेवून हार्मोनिका पुन्हा नवी करता येते. स्वस्त हार्मोनिकाला तो मार्ग नसतो, ती सुट्या भागांच्या डब्यात जाते. सायडेलच्या स्टीलच्या रीड्स पितळेपेक्षा जास्त दिवस सूर धरतात, हा माझ्याकडच्या वापरात स्पष्ट जाणवलेला फायदा. जोरात वाजवणाऱ्याने त्यासाठी पैसे मोजावेत.

ओठांच्या सोयीचं गणित वेगळं आहे. स्पेशल २० मध्ये रीड प्लेट्स प्लॅस्टिक कॉम्बच्या आत बसलेल्या असतात, म्हणून ओठांना धातूची कड लागत नाही. जुन्या घडणीची, खिळ्यांनी जोडलेली मरीन बँड १८९६ तिच्याइतकीच मान्यवर, पण तिचा लाकडी कॉम्ब ओलाव्याने फुगतो, दाते बाहेर येतात आणि ओठ घासतात. क्रॉसओव्हरमध्ये कॉम्ब बांबूचा आणि लेप दिलेला, जोडणी स्क्रूची. तिथे हा त्रास नाही. स्वस्त हार्मोनिकाची कव्हरची पुढची कड धारदार निघाली तर ६०० नंबरचा पेपर बोटावर गुंडाळून ती मोडावी, तासाभराच्या सरावात फरक कळतो.

मग घ्यायची कोणती? पहिली हार्मोनिका सी पट्टीची आणि मधल्या थरातली. शिकणाऱ्याला २ ड्रॉ वाजत नाही तेव्हा दोष तोंडाच्या पोकळीचा की रीडचा, हे कळायला एक भरवशाची हार्मोनिका लागते. २ ड्रॉ आणि ३ ब्लो दोन्ही जी आहेत. चांगल्या हार्मोनिकावर दोन्ही उमटले आणि स्वस्तावर फक्त ३ ब्लो उमटला, तर टूथपिक हातात घ्यावी. महागाचा वरचा थर सुरुवातीला काहीच जास्त देत नाही. ६ नंबरच्या भोकावर ओव्हरब्लो (नेहमीच्या ब्लोपेक्षा वरचा सूर) घ्यायची वेळ आली की मग त्या बारीक खाचांचे पैसे वसूल होतात.

क्रोमॅटिकमध्ये (सगळे अर्धस्वर देणाऱ्या हार्मोनिकात) स्वस्ताच्या वाटेला जाऊ नका. बारा भोकं, ४८ रीड्स, बटणाने सरकणारी पट्टी आणि बहुतेक रीड्सवर पातळ प्लॅस्टिकचे व्हॉल्व्ह. सरकपट्टीभोवती जरा जागा राहिली किंवा व्हॉल्व्ह वळले की सगळीच भोकं श्वास गिळतात, आणि हे कॉम्ब घासून सुटत नाही. चोवीस भोकांच्या ट्रेमोलोत उलट स्वस्त वाद्यही चालून जातं, कारण तिथे दोन रीड्स मुद्दाम थोड्या वेगळ्या लावलेल्या असतात आणि लहानसहान चूक त्या लहरीत विरते. बेंड मात्र तिथे विसरा.

सी, ए, डी या रोजच्या पट्ट्या चांगल्या असल्या की उरलेल्या कमी लागणाऱ्या पट्ट्या स्वस्त संचातून खुशाल घ्याव्यात, फक्त एफ आणि जी आधी तपासाव्यात. एफ उंच असल्यामुळे ९ आणि १० ब्लोच्या इवल्याशा रीड्स जरा उंच राहिल्या तरी उमटतच नाहीत, त्यांची फट नीट खाली आणावी लागते. जीमध्ये याच्या उलट १ आणि २ ड्रॉ जोर दिल्यावर गुदमरतात, तिथे टोक किंचित उचलावं.