सातवीचं ख्रिस्ती लाइफ सायन्स: पुस्तक छान, नोटबुकने डोकं फिरवलं

आम्ही होमस्कूलवाले, म्हणजे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवतो. मॉड्यूल म्हणजे पुस्तकातला एकेक धडा, को-ऑप म्हणजे अशा पालकांचा गट, लॅब किट म्हणजे प्रयोगांचं सामान; आता थेट मुद्द्यावर येते. आम्ही टेक्सासमध्ये, मुलगी सातवीत, मुलगा पाचवीत, ऑगस्टपासून हे लाइफ सायन्सचं (जीवशास्त्राचं) पुस्तक चालू आहे. प्रकाशकाचं नाव लिहीत नाही, त्यांच्याशी माझी ईमेलवर अजून जुंपलेली आहे. काल त्यांचं उत्तर आलं की स्टुडंट नोटबुकची (सोबतच्या उत्तरं-आकृत्यांच्या छापील वहीची) झेरॉक्स काढायची नाही, घरातल्याच दुसऱ्या मुलासाठीसुद्धा नाही, नवीन घ्या. म्हणून आज हे लिहितेय.

पाठ्यपुस्तक जाड पुठ्ठ्याचं आहे, ते दोन्ही पोरांना पुरून उरेल. पण खरा धंदा त्या नोटबुकचा. ३५ डॉलर, आणि एकदा लिहिली की रद्दी. बरं, एवढे पैसे घेऊन द्यायचं काय, तर गुळगुळीत रंगीत कागद, त्यावर पेन्सिल उठत नाही आणि जेल पेन फरफटतं. पानाच्या वरच्या अर्ध्या भागात वेलबुट्टीच्या चौकटीत बायबलचं वचन (वचनाला माझी ना नाही, रोज वाचतोच की आपण) आणि खाली पेशीची आकृती काढायला पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा. त्यात माइटोकॉन्ड्रिया (पेशीतला एक बारका भाग) कुठे बसवायचा?

सिलॅबसचं म्हणाल तर टेक्सासात होमस्कूलवर सायन्सची सक्तीच नाही. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि नागरिकशास्त्र एवढंच कायद्याला हवं, आणि १९९४ च्या लीपर केसनंतर (होमस्कूलला खासगी शाळा मानणारा टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल) कोणी दारात येऊन विचारतही नाही. पण आमची नववीत पब्लिक हायस्कूलला जाणार, तिथे ग्रॅज्युएट व्हायला बायोलॉजीची स्टेटची परीक्षा लागते, म्हणून मी सायन्सच्या मागे लागलेय.

पहिल्या महिन्यात मी को-ऑपमध्ये सगळ्यांना सांगत होते की हे घेऊ नका, नुसती बडबड आहे. ते मी आता मागे घेते. पुस्तक मुलांशी गप्पा मारल्यासारखं लिहिलंय, मला ते पाल्हाळ वाटायचं, पण मुलगी माझ्याशिवाय वाचायला लागली आणि रेडी या शास्त्रज्ञाच्या १६६८ च्या मांसाच्या बरण्यांची गोष्ट (झाकलेल्या बरणीत अळ्या नाहीत, उघड्यात वळवळतायत) तिने जेवताना भावाला इतकी रंगवून सांगितली की त्याने ताट सरकवलं.

लॅब किटची वेगळीच रामकहाणी. किट आलं ऑगस्टमध्ये, मायक्रोस्कोपचं मॉड्यूल आलं जानेवारीत. खोका उघडला तर मिथिलीन ब्लूची (पेशी रंगवायच्या निळ्या रंगाची) बाटली गळलेली, कव्हरस्लिपांचा (स्लाइडवर ठेवायच्या पातळ काचांचा) चुरा, स्पंजच्या पाकिटासकट सगळं निळं. फोन केला तर म्हणे तक्रार ३० दिवसांत करायची. अहो, तुमच्याच वेळापत्रकात ते जानेवारीत आहे ना! शेवटी कव्हरस्लिपा ऑनलाइन मागवल्या, स्वस्तात मिळाल्या, आणि कांद्याच्या पापुद्र्याला फर्स्ट-एडमधलं आयोडीन लावलं. पेशी मस्त दिसल्या.

आणि मग गवताचं पाणी. वाळलेलं गवत तळ्याच्या पाण्यात भिजवून खिडकीत ठेवायचं, काही दिवसांनी त्याला गटारासारखा वास येतो, त्यातला एक थेंब मायक्रोस्कोपखाली १०० पट मोठा करून बघायचा. त्यातले पॅरामीशियम (एकाच पेशीचे जीव) इतके सैरावैरा पळतात की नजरेत धरता येत नाहीत, म्हणून स्लाइडवर कापसाचे दोन-चार तंतू टाकायचे, त्यात ते अडकतात. एक तंतूला धडकला, मागे सरला, जरा वळून पुन्हा धडकला. मुलगी तासभर हलली नाही, मीही नाही, त्या दिवशी भाजी करपली. या एका लॅबसाठी मी पुस्तकाचे पैसे वसूल धरते.

घुबडाचं पेलेट पण भारी. घुबडाला केस आणि हाडं पचत नाहीत, त्याचा गोळा करून ते ओकून टाकतं, किटमध्ये तो निर्जंतुक करून येतो. चिमट्याने सोडवला तर उंदरासारख्या प्राण्याची अख्खी कवटी निघाली, पिवळ्या दातांसकट. नगरहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर होत्या, म्हणाल्या, "अगं, घुबडाची ओकारी जेवायच्या टेबलावर? पाळकांना बोलावून प्रार्थना करून घे आधी!"

आता उत्क्रांती, ज्यावरून सगळे मला विचारतात. हे पुस्तक यंग अर्थवालं आहे, पृथ्वी साधारण ६००० वर्षांची. नैसर्गिक निवड मान्य, पण ज्याच्या त्याच्या प्राणिजातीपुरती, समान पूर्वज नाही. आमच्या घरात यावर एकमत नाही, नवरा पुस्तकाच्या बाजूने, मी नाही, आणि ते चालतं. माझी तक्रार एवढीच की उत्क्रांती मानणाऱ्यांचं म्हणणं दोन पानांत उरकून लगेच खोडून टाकलंय. पोरीला पुढे स्टेटच्या परीक्षेत जीवाश्म, डीएनए यांचे पुरावे समजावून लिहायचे आहेत, पटो न पटो. म्हणून जनुकशास्त्रज्ञ फ्रान्सिस कॉलिन्स यांनी २००७ मध्ये सुरू केलेल्या बायोलॉगोस या संस्थेचे लेख मी जोडीला वाचून घेतले, तेही ख्रिस्तीच, पण उत्क्रांती मानणारे. घ्यायच्या आधी दुसरं काही नका बघू, हा धडा तेवढा सॅम्पलमध्ये वाचा. आनुवंशिकतेवाला मेंडेल मात्र छान दिलाय, मठातला माणूस आणि वाटाणे, दोन्ही पक्ष खूश.

धाकट्यासाठी हेच पुस्तक वापरणार. नोटबुक अजिबात नाही. ऑगस्टच्या टॅक्स-फ्री वीकेंडला (शालेय सामानावर विक्रीकर नसतो तेव्हा) साध्या कोऱ्या पानांची वही घेईन, प्रश्न पाठ्यपुस्तकात आहेतच, आणि आकृत्या पानभर काढेल. किटही घेणार नाही, फक्त पेलेट सुटं मागवेन. कोणाकडे या पुस्तकाची आन्सर की (उत्तरांची पुस्तिका) जास्तीची असेल तर मला कळवा, आमची को-ऑपमधून कोणीतरी नेलीय ती परत आलेली नाही.