वैमानिक संघटनेची वर्गणी भरावी का? ठाण्याहून एका फर्स्ट ऑफिसरचं परीक्षण

‘एवढा पगार असताना तुम्हाला युनियन कशाला हवी?’ हा प्रश्न मला कासारवडवलीच्या आमच्या सोसायटीत अगदी लिफ्टमध्येसुद्धा विचारून झालाय. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. युनियन म्हटलं की त्यांना गेट मीटिंग, बोनस आणि टाळेबंदी आठवते. मी वर्गणी भरून सभासद झाले तेव्हा त्यांनी पेपरातून मान वर केली आणि एवढंच विचारलं, ‘मग संप कधी?’

संपासाठी नाही झाले. कशासाठी झाले, आणि त्या पैशांत काय मिळतं, काय मिळत नाही, ते इथे लिहितेय. कारण नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) करून आलेली बरीच मराठी पोरं-पोरी खारघर-उलव्याकडे घरं बघतायत आणि मला हेच विचारतायत. मी ए-३२० विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. कंपनीचं नाव लिहिणार नाही, संघटनेचंही नाही. दोघांकडेही माझी कागदपत्रं आहेत.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते थकव्याच्या रिपोर्टचं काम. लागोपाठ रात्रीच्या ड्यूट्या, मग सुट्टी, आणि सुट्टीनंतर लगेच पहाटेचं रिपोर्टिंग, असं रोस्टर, म्हणजे ड्यूट्यांचं वेळापत्रक, आलं होतं. कागदावर ते नियमात बसत होतं. पण घोडबंदर रोड कागदावर नसतो. ड्यूटीचे तास विमानतळावर रिपोर्ट केल्यापासून मोजतात, घराखाली गाडी येते तेव्हापासून नाही. अडीचची पिकअप म्हणजे दीडला उठायचं. दीडला उठायचं तर संध्याकाळी सातला आडवं व्हायचं, आणि तेव्हा खाली पोरांचं क्रिकेट ऐन रंगात असतं. एवढं करून रात्री मेट्रोच्या कामासाठी एखादी लेन बंद निघाली, की रात्रीच सुटणारे कंटेनर आणि आपण एकाच रांगेत. त्या दिवशी मी फोन करून सांगितलं, विमान चालवण्याच्या स्थितीत नाही. शेड्युलिंगवरच्या मुलाने शांतपणे विचारलं, ‘मॅम, सिक टाकू?’

मी आजारी नव्हते, दमलेली होते. त्याला हा फरक किरकोळ वाटला असेल, पण सगळी गोम तिथेच आहे. सिक टाकलं की रोस्टर निर्दोष सुटतं.

दोन दिवसांनी लेखी खुलासा मागणारा मेल आला. मी संघटनेच्या प्रतिनिधीला फोन लावला. नेरुळला राहणारे निवृत्त कमांडर, म्हणजे कॅप्टन. त्यांनी माझा कच्चा मसुदा वाचला आणि म्हणाले, ‘अगं, हे “खूप दमले होते” आधी काढून टाक. त्याला काही किंमत नाही. शेवटची झोप किती वाजता लागली, किती वाजता जाग आली, त्याआधीच्या तीन रात्री किती तास झोप मिळाली, तेवढंच लिही. आणि स्केलवरचा आकडा टाक.’ स्केल म्हणजे सॅम-पेरेली. एक ते सात; एक म्हणजे टक्क जागे, सात म्हणजे पार गळून गेलेले. मी म्हटलं, ‘सर, थोडं ठाम लिहू का?’ तर म्हणाले, ‘ठाम कशाला? आकडे ठामच असतात.’

खुलासा गेला, पुढे काही झालं नाही. म्हणजे शिक्षाही नाही आणि कौतुकही नाही. लागोपाठच्या ड्यूट्यांच्या त्याच जोडणीबद्दल इतर काही जणांचे रिपोर्ट संघटनेकडे होते, ते एकत्र करून त्यांनी कंपनीच्या सेफ्टी विभागाला दिले. पुढच्या महिन्यात ती जोडणी रोस्टरमधून गेली. संघटनेमुळे गेली की हिवाळी वेळापत्रक लागलं म्हणून, हे आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. मी याचं अर्धं श्रेय संघटनेला देते.

बाहेरच्यांना यात काय एवढं, असं वाटेल. उड्डाणाआधी आम्ही नळीत फुंकतो. दारूचा अंश सापडला तर पहिल्याच वेळी तीन महिने लायसन्स निलंबित. ते योग्यच आहे. पण झोप मोजणारी नळी अजून निघालेली नाही. सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात आणि डोकं रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखे मंदावतात, हे १९९७ सालच्या एका अभ्यासात मोजून झालंय. २२ मे २०१० ला दुबईहून मंगळूरला येणारं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान धावपट्टीपुढच्या दरीत गेलं, १५८ माणसं गेली. कॅप्टन वाटेत बराच वेळ झोपले होते, कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये घोरण्याचा आवाज होता, आणि झोपेतून उठल्यानंतरच्या गुंगीचा परिणाम त्यांच्या निर्णयांवर झाला असावा, असं चौकशीत पुढे आलं. उजव्या सीटवरचा फर्स्ट ऑफिसर ‘गो अराउंड’, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चला, असं म्हणत राहिला. मी त्याच सीटवर बसते, त्यामुळे हा अहवाल मला मनोरंजक वाटत नाही.

विश्रांतीचे नियम बदलले तेही आपोआप नाही. डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, जानेवारी २०२४ मध्ये नवे ड्यूटीचे नियम काढले: आठवड्याची विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास, रात्र पहाटे ५ ऐवजी ६ पर्यंत धरायची, रात्रीची लँडिंग्ज ६ वरून २ वर. जून २०२४ पासून लागू व्हायचे होते, विमान कंपन्यांनी कुरकुर केली आणि ते बासनात गेले. वैमानिकांच्या संघटनांनी दिल्ली उच्च न्यायालयात पाठपुरावा केला, तेव्हा कुठे तारखा ठरल्या: काही तरतुदी १ जुलै २०२५ पासून, उरलेल्या १ नोव्हेंबरपासून. डिसेंबरात इंडिगोची विमानं शेकड्यांनी रद्द झाली, एका दिवशी तर हजारावर, तेव्हा आमच्या नात्यातल्या प्रत्येकाने मला फोन करून ‘तुमच्या नियमांमुळे’ असं ऐकवलं. एका मावसभावाचं गोव्याचं लग्न हुकलं, तो अजून नीट बोलत नाही. नियम लागू व्हायला जवळजवळ दोन वर्षं मिळाली होती, हे त्याला कोण सांगणार? पुढे त्या कंपनीला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळाली आणि एअरलाइन पायलट्स असोसिएशन ऑफ इंडियाने त्याला हरकत घेतली. माझ्या मते ती हरकत रास्त होती. झोपेची गरज तारखेपुरती माफ होत नाही.

वर्गणीतली दुसरी गोष्ट म्हणजे एक कार्ड, जे मी लायसन्सच्या पाकिटात ठेवते. त्यावर चोवीस तास चालणारा नंबर आहे. काही घडलं, अगदी हार्ड लँडिंग किंवा धावपट्टीवरून चाक घसरणं, तर प्रवाशांची सोय लावायची, डॉक्टरकडे जायचं, आणि लेखी जबाब देण्याआधी या नंबरवर बोलायचं. मला अजून वापरावा लागला नाही. माझ्या बॅचच्या एका मुलाला लागला. चौकशीच्या खोलीत त्याच्या शेजारी संघटनेचा माणूस बसला होता. तो माणूस फारसं बोललाच नाही म्हणे. फक्त प्रत्येक प्रश्नाआधी विचारायचा, हा प्रश्न सुरक्षेसाठी आहे की कारवाईसाठी?

हा फरक आंतरराष्ट्रीय नियमांतच आहे. नागरी विमान वाहतुकीच्या शिकागो कराराच्या परिशिष्ट १३ प्रमाणे अपघाताची चौकशी पुन्हा तसं घडू नये म्हणून करायची, दोषी ठरवायला नाही. १२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या अपघातानंतर महिनाभरात प्राथमिक अहवाल आला आणि टीव्हीवाल्यांनी त्याच रात्री वैमानिकांना दोषी धरून निकाल लावून टाकला. संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला ते बरंच झालं. मात्र एक खटकलं. काही सभासद ‘आपला माणूस असं करणारच नाही’ असं छातीठोकपणे सांगत होते. चौकशी पूर्ण होण्याआधी दोष देऊ नये, तसं प्रमाणपत्रही देऊ नये. मी हे ग्रुपवर लिहिलं तेव्हा मला तीन अंगठे आणि बरीच शांतता मिळाली.

आता नवी मुंबईबद्दल. नवा विमानतळ सुरू होण्याच्या सुमारास संघटनेच्या तांत्रिक समितीने वाशी स्टेशनजवळच्या एका हॉटेलात सकाळचं सत्र ठेवलं होतं. साबुदाणावडे गार होते, सत्र मात्र मी आजवर पाहिलेल्यांत सर्वोत्तम. विषय पक्षी. समितीच्या माणसाने ना धावपट्टीचा नकाशा आधी लावला ना चार्ट. त्याने भरती-ओहोटीचा तक्ता लावला. ठाण्याच्या खाडीतले फ्लेमिंगो ओहोटीला चिखलात चरतात. भरती आली की चिखल पाण्याखाली जातो आणि थवे उठून नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर, डीपीएस तलावाकडे येतात. म्हणजे ते किती वाजता हवेत असतील, हे बरंचसं आधी कळू शकतं. आणि ती पाणथळ जागा बुजवली तर पक्षी नाहीसे होत नाहीत, दुसरी मोकळी जागा शोधतात; विमानतळासारखी मोकळी जागा दुसरी कुठली? मे २०२४ मध्ये मुंबईला उतरणाऱ्या एका विमानाला घाटकोपरवर थवा धडकून तीसच्या वर फ्लेमिंगो मेले, तो फोटो त्याने दाखवला नाही. सगळ्यांना आठवत होताच. पक्षी वाचवा म्हणणारे आणि पक्षी टाळा म्हणणारे एकाच बाजूला आहेत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. धडक बसली नाही, नुसता थवा जवळून गेला तरी रिपोर्ट टाका, हा त्याचा आग्रह. मी तेव्हापासून टाकते. कंटाळा येतो, पण टाकते.

आता तक्रारी. त्या बऱ्याच आहेत.

व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे कहर. सुरक्षेची एक नोट, त्याखाली गुड मॉर्निंगची फुलं, त्याखाली कुणाच्या तरी निवृत्तीचे हार. महत्त्वाची सूचना शोधायला अर्धा तास. बैठका अजूनही बहुतेक अंधेरी-पार्ल्यातच. वाशीचं सत्र हा अपवाद होता. ठाण्याच्या माणसाने सुट्टीच्या दिवशी जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी रस्ता) का पार करावा? पदाधिकारी बहुतेक एअर इंडिया सरकारी होती त्या काळातले. अनुभव दांडगा, पण बोलणं पुन्हा पुन्हा तिथल्या २०१२ च्या संपावर जातं, जो दोन महिन्यांच्या आसपास चालला होता. (हे बाबांना सांगितलं नाही.) भारतात महिला वैमानिकांचं प्रमाण जगात वरचढ आहे असं आपण मिरवतो, पण मी गेले त्या बैठकीत समितीच्या टेबलावर एकही बाई नव्हती. गरोदरपणात उड्डाण थांबल्यावर पगाराचं काय, हे विचारलं तर उत्तर आलं, ‘चांगला मुद्दा आहे, घेऊ.’ अजून घ्यायचाय.

नोटीस पिरियडचं काम तर फारच रखडलंय. २०१७ च्या नियमाने कमांडरला राजीनाम्यानंतर १ वर्ष आणि फर्स्ट ऑफिसरला ६ महिने थांबावं लागतं. संघटना कोर्टात गेल्या, माझ्या आयुष्यात मात्र त्याने काही फरक पडलेला नाही. आणि ज्यांना वाटतं संघटना असली की नोकरी टिकते, त्यांनी जेट एअरवेजच्या वैमानिकांना विचारावं. तिथली नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड २००९ मध्ये पाच दिवस सामूहिक आजारी रजा टाकण्याइतकी भक्कम होती. २०१९ च्या एप्रिलमध्ये कंपनीच बंद पडली, तेव्हा थकलेल्या पगारासाठी त्याच गिल्डला दारोदार फिरावं लागलं.

अजून एक व्यवहाराची गोष्ट. खासगी कंपन्यांत बहुतेक ठिकाणी मान्यताप्राप्त संघटना नाही. त्यामुळे तुम्ही सभासद असलात तरी कंपनीला त्यांच्याशी पगारावर बोलणं भाग नसतं. पगार, बॉण्ड, प्रमोशन यासाठी येत असाल तर येऊ नका. टाइप रेटिंग (एका ठरावीक प्रकारच्या विमानाचं प्रशिक्षण) करून नोकरीची वाट बघणाऱ्यांसाठीही यात सध्या काही नाही. त्यांची वर्गणी कमी ठेवलीय, पण कमी पैशांत काहीच न मिळणं हीही फसवणूकच.

पाचपैकी साडेतीन. थकव्याचा रिपोर्ट आणि वाशीचं सत्र यांना पूर्ण गुण, बाकी कारभाराला दीड-दोन, आणि सरासरीत मी थोडी उदार झालेय. लाइनवर, म्हणजे प्रवासी घेऊन, उडायला लागलात, रात्रीच्या ड्यूट्या मिळायला लागल्या, की फॉर्म भरा. त्याआधी घाई नको. फॉर्मवर ईमेल स्वतःचा द्या, कंपनीचा नको. ठाणे-नवी मुंबईचे असाल तर ‘स्थानिक प्रतिनिधी’ हा रकाना रिकामा सोडू नका, नाहीतर तुमचा फोन अंधेरीला जातो आणि तिथे दुपारी एक ते तीन कुणी उचलत नाही.