लँडस्केपसाठी क्लॅम्पवाली छत्री : आठ महिने वापरल्यावर

छत्रीवर एवढं लिहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं, पण आमच्या रविवारच्या स्केचिंग ग्रुपमध्ये आत्तापर्यंत पाच जणांनी विचारून झालंय की ती तुझी छत्री कशी आहे, घेऊ का, म्हणून एकदाच काय ते सविस्तर लिहून टाकते.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. ईझलच्या (चित्र टेकवायच्या स्टँडच्या) पायाला किंवा खुर्चीच्या हाताला चिमट्यासारखी पकडणारी छत्री. बाहेरून चंदेरी, आतून काळी, मधे हवी तशी वाकणारी दांडी आणि खाली क्लॅम्प. ऑनलाइन मागवली, २,३५० रुपये पडले. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रार पण आहे आणि तशीही हीच छत्री तीन-चार वेगवेगळ्या नावांनी विकायला आहे, माल एकाच ठिकाणचा असणार असा मला दाट संशय आहे.

जे बाहेर बसून चित्र काढत नाहीत त्यांना वाटेल की ऊन लागतं म्हणून छत्री. तसं नाहीये हो. ऊन आपल्याला लागलं तर टोपी घालता येते, नाक भाजतं, घरी येऊन कोरफड लावायची, संपलं. प्रॉब्लेम कागदाला ऊन लागतं तो आहे. पांढऱ्या कागदावर थेट ऊन पडलं की तो इतका चमकतो की डोळे बारीक होतात आणि आपण लावलेला प्रत्येक रंग आपल्याला फिकट वाटत राहतो, मग आपण अजून गडद लावतो, अजून गडद लावतो, आणि घरी येऊन ट्यूबलाइटखाली बघितलं की काजळी धरल्यासारखं चित्र. शिवाय वॉटरकलर असेल तर आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग ओला थर, वरून खाली आणेपर्यंत वरचा भाग वाळून जातो आणि मधे पट्टा पडतो. तो पट्टा नंतर कशानेही जात नाही. मग आपण तिथे ढग काढतो. माझ्या जुन्या चित्रांमधले निम्मे ढग हे असे नाइलाजाचे ढग आहेत.

मग साधी छत्री का नाही चालत? केलंय ना ते पण. पहिली दोन वर्षं घरातली लाल फुलाफुलांची छत्री खांद्यात आणि मानेत अडकवून बसायचे. त्याने मानेचं काय झालं ते सोडा, पण लाल कापडातून गाळून आलेला उजेड कागदावर गुलाबी पडतो, ते आपल्याला तिथे कळतच नाही, डोळ्याला सवय होते, हात मात्र आपोआप थंड रंगांकडे जातो. घरी आल्यावर सगळं हिरवट. हे कळायला मला अख्खा एक सीझन लागला, मी आपली पॅलेटला दोष देत होते.

आणि मेणवलीचा किस्सा तर ग्रुपमध्ये सगळ्यांना पाठ आहे. वाईपासून तीनेक किलोमीटरवर मेणवली, नाना फडणवीसांचा वाडा आणि मागे कृष्णेवरचा घाट. लँडस्केप करणाऱ्या माणसाने तिथे हजेरी लावली नाही असं महाराष्ट्रात सहसा होत नाही. काळ्या दगडाच्या पायऱ्या, वर झाडं, पाण्यात सगळ्याचं प्रतिबिंब, आणि ती वसईच्या चर्चमधली घंटा, १७३९ च्या मोहिमेनंतर मराठ्यांनी आणलेली. त्या दिवशी मी माझी छत्री एसटीत विसरले होते. तिथल्या एका चहावाल्या दादांनी त्यांची मोठी निळी छत्री दिली, जाहिरातवाली, त्यांचे उपकार मानले आणि बसले. सकाळची आठची वेळ, कोवळं ऊन. निळ्या छत्रीखाली कागद निळसर, समोर ऊन पिवळं, ते जुळवायला मी पिवळा आणि ऑरेंज ओतत गेले, ओतत गेले. घरी येऊन बघते तर घाट तंदूरमधून काढल्यासारखा.

पुढची गंमत म्हणजे तेच चित्र वर्षभराने बालगंधर्व कलादालनात आमच्या ग्रुप शोमध्ये लावलं, खरं तर भिंत रिकामी राहत होती म्हणून लावलं. एक काका समोर दहा मिनिटं उभे. मग म्हणाले, मॅडम, सूर्यास्त फार सुंदर पकडलाय तुम्ही. मी गप्प. सहा हजाराला गेलं. त्या शोमधलं माझं विकलं गेलेलं एकमेव चित्र! माऊंट, काच, फ्रेम, हॉलच्या भाड्यातला वाटा आणि उद्घाटनाचे बटाटेवडे धरले तर फायदा काही झाला नाही, पण ते असो, वॉटरकलरवाल्यांचं गणित काचेपाशीच बिघडतं, तो वेगळा विषय आहे.

तर मुद्दा असा की छत्रीचा आतला रंग काळा, राखाडी किंवा पांढरा, यापलीकडे जाऊच नका. पांढरी छत्री ही जुनी पद्धत. विन्स्लो होमर या अमेरिकन चित्रकाराचं १८६८ सालचं एक चित्र आहे, डोंगरात रांगेने बसून चित्रं काढणारे चित्रकार, आणि त्यात मोठ्या पांढऱ्या छत्र्या दिसतात. ट्यूबमधले रंग १८४१ मध्ये निघाले, त्यानंतर ही मंडळी घराबाहेर पडायला लागली आणि लगेच छत्र्या पण आल्या, म्हणजे आपलं दुखणं काही नवीन नाही. पण पांढऱ्या कापडातून आपलं मे महिन्याचं ऊन बऱ्यापैकी खाली येतं. ह्या छत्रीचं बाहेरून चंदेरी आतून काळं हे काँबिनेशन आपल्याकडे जास्त बरं, हे मी आता खात्रीने सांगू शकते. कागदावर सावली एकसारखी पडते, आणि खालच्या फरशीवरून जे ऊन उसळून छत्रीच्या आत येतं ते काळं कापड पिऊन टाकतं. ह्या एका कारणासाठी माझे पैसे वसूल आहेत. ऑक्टोबर ते मे मध्ये जेवढी चित्रं बाहेर केली त्यातली बहुतेक घरी आल्यावर तशीच दिसली जशी तिथे दिसत होती. हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल.

दांडी वाकते त्याचाही फायदा आहे. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, म्हणजे दोन तासांच्या बैठकीत सावली चांगलीच हलते, मग उठून सगळं बिऱ्हाड हलवण्यापेक्षा बसल्या जागी दांडी थोडी वाकवली की झालं. चित्रातल्या सावल्या पण तेवढ्याच सरकतात, त्याला छत्री काय करणार. त्या पहिल्या पंधरा मिनिटांत पेन्सिलीने मांडून घ्यायच्या आणि नंतर समोर काय वाटेल ते होवो, बदलायच्या नाहीत, हे मी शाळेतल्या पोरांना पण सांगते आणि स्वतः पाळत नाही.

आता तक्रार. क्लॅम्पचा स्क्रू प्लास्टिकचा आहे. २,३५० रुपयात प्लास्टिकचा स्क्रू! फेब्रुवारीत परत मेणवलीलाच गेलो होतो. साडेनऊपर्यंत सगळं छान, आकाश झालं, झाडं झाली, पाण्यात ब्रश घातला आणि नदीवरून वारा सुटला. छत्रीचं शीड झालं. आधी क्लॅम्प कुरकुरला, मग छत्री फिरली, मग ईझलचा ट्रायपॉड तिच्यामागे गेला आणि पाण्याचा डबा चित्रावर. आकाश, झाडं, सगळं एकत्र घाटाच्या पायऱ्यांवरून खाली. छत्री तीन पायऱ्या उतरून थांबली, स्क्रूचे दोन तुकडे. कस्टमर केअरला फोटो पाठवले तर तीन आठवड्यांनी दुसरा क्लॅम्प आला फुकट, ते चांगलं केलं, पण तोही प्लास्टिकचाच. मग आमच्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून लोखंडी बोल्ट आणि बटरफ्लाय नट बसवून घेतला, चाळीस रुपये, तेव्हापासून हललेला नाही. आणि ट्रायपॉडच्या मधल्या हुकाला पिशवी लटकवून त्यात घाटावरचे चार दगड टाकायचे, हे मी छत्री घेतल्या दिवसापासून करायला हवं होतं. वारा खूपच असेल तर सरळ मिटून ठेवा, कुठलीच छत्री टिकत नाही, आणि अशा वेळी भिंतीची सावली शोधणं सगळ्यात शहाणपणाचं.

बाकी बारीकसारीक. वजन किलोच्या आत आहे पण मिटल्यावर लांबी जास्त, सॅकमधून दांडका वर येतो आणि स्वारगेटला एसटीत चढताना मागच्याच्या तोंडाला लागतो, दोनदा सॉरी म्हणून झालंय. पावसात उपयोग शून्य, शिवणीतून ठिबकतं, आणि थेंब नेमका ओल्या वॉशवरच पडतो. दाट झाडाखाली बसणार असाल तर उघडूच नका, फार अंधार होतो आणि मग उलटी चूक होते, सगळं फिकट.

एक साइड इफेक्ट कुणी सांगितला नव्हता. रस्त्याच्या कडेला छत्री लावून खुर्ची टाकून बसलं की लोकांना आपण काहीतरी विकतोय असं वाटतं. वाईच्या बाजारात एका मुलाने सरळ आधार कार्ड पुढे केलं, ताई, सिम चालू करून मिळेल का? चित्र दाखवलं तर म्हणे बरं बरं, मग रिचार्ज? पण बाई माणसाने एकटीने बाहेर बसायचं म्हणजे जो एक अवघडलेपणा असतो ना, कोण येऊन मागे उभं राहतंय, किती जवळ उभं राहतंय, तो छत्रीमुळे कमी झाला. मागून कुणी फार जवळ येऊ शकत नाही, काडी डोळ्यात जाईल. समोरून मात्र येतात. मेणवलीला कपडे धुवायला आलेल्या एक आजी वाकून बघत होत्या बराच वेळ, मग म्हणाल्या, "बाई, म्हस काळी हाय की आमची, तू निळी कशापायी क्येलीस?" मी म्हटलं, आज्जी, पाठीवर आभाळ पडलंय बघा तिच्या. त्यांनी पाण्यातल्या म्हशीकडे बघितलं, चित्राकडे बघितलं, परत म्हशीकडे बघितलं. "व्हय की," म्हणाल्या, आणि गेल्या. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत लावायला मिळालं तरी ह्याहून भारी कॉमेंट मिळणार नाही मला. (जहांगीरला अर्ज करून नंबर लागेपर्यंत वर्षं जातात, तोपर्यंत ती म्हैस दुसऱ्यांदा व्यायली असेल.)

नवरा म्हणतो की जुने नामवंत चित्रकार आबालाल रहिमान कोल्हापुरात कोटीतीर्थाच्या तळ्यावर जाऊन चित्रं काढायचे, त्यांच्याकडे कुठे क्लॅम्पवाली छत्री होती. बरोबर आहे. माझ्याकडे आबालाल रहिमानांचा हात नाही म्हणून छत्री घेतली, एवढं साधं आहे.

तर घ्यावी का? महिन्यातून दोनदा तरी बाहेर बसत असाल आणि वॉटरकलर करत असाल तर घ्या. ऑइलवाल्यांना वॉशचा त्रास नाही, पण कागदाऐवजी कॅनव्हास चमकतो तो चमकतोच, त्यामुळे त्यांनीही विचार करावा. वर्षातून एकदा वर्कशॉपला जाणाऱ्यांनी झाडाखाली बसावं, पैसे चांगल्या कागदावर घालावेत. पाचपैकी साडेतीन स्टार, अर्धा स्टार सायकलवाल्याच्या नटाचा धरून. आत्ता किंमत २,७९९ दाखवतेय, मधे सेलमध्ये खाली आली होती, पावसाळ्यात तसंही लागणार नाहीये तर ऑक्टोबरपर्यंत थांबा. आणि घरी आल्या आल्या आधी सायकलवाल्याकडे जा, मग मेणवलीला.