दुबईच्या शाळेत वर्षभर नोकरी, अनुभव: ऑफर घेताना होम एअरपोर्ट आधी बघा

टॅक्स नाही, वर्षाला एक तिकीट, शुक्रवारी अर्धा दिवस वगैरे सगळ्यांना पाठ असतं, ते परत लिहीत बसत नाही. लिहायला कारण झालंय ते तिकीट. माझ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये होम एअरपोर्ट, म्हणजे शाळा जिथपर्यंतचं तिकीट देते ते विमानतळ, मुंबई टाकलंय. मी कोथरूडची. पुण्याहून दुबईला थेट विमान आहे, मे महिन्यात बघितलं तर मुंबईपेक्षा थोडंसंच महाग होतं, वरचे पैसे मी भरते म्हटलं तरी एचआरचं एकच, सिस्टिममध्ये मुंबई आहे. मग काय, मध्यरात्री मुंबईत उतरा, बॅगा ओढा, टॅक्सीवाल्याला हजारो रुपये मोजा, खंडाळ्याच्या घाटात कुठलातरी ट्रक बंद पडलेला, घरी पोचेपर्यंत दूधवाला येऊन गेलेला. आणि टॅक्सीचा खर्च तिकिटात धरत नाहीत बरं का. कॉन्ट्रॅक्टचे शब्द 'जवळचं आंतरराष्ट्रीय विमानतळ' असे आहेत. मग पुण्यात लोहगावला काय एसटी स्टँड आहे?

असो. माझ्याकडे दोन ऑफर होत्या. शाळांच्या एका मोठ्या ग्रुपची महिना १०,००० दिरहम, त्यात बेसिक फक्त ४,०००, बाकी घरभाडं आणि इतर अलाउन्स. दुसरी छोटी शाळा, ७,५०० आणि फ्लॅट शाळेचा, पण बेसिक ६,५००. घरच्यांचं म्हणणं, दहा हजार सोडून कोण जातं. मी छोटी घेतली कारण ग्रॅच्युइटी बेसिकवर मिळते, टोटलवर नाही. एक वर्ष भरलं की पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचं बेसिक, त्यानंतरच्या वर्षांना ३० दिवसांचं. म्हणजे तिकडे वर्षाचे २,८०० दिरहम, इकडे ४,५५०. रुपयांत फरक चाळीस हजारांच्या पुढे, आणि तोही काही न करता.

तरी पहिले काही महिने मला मोठ्या ग्रुपवाल्यांचंच बरं वाटायचं. आमचा फ्लॅट शेअरिंगमध्ये, किचनमध्ये कुकर कधी लावायचा यावरून रोज चर्चासत्र. मग तिथल्या एका मैत्रिणीने घर शोधायला घेतलं आणि माझं मत फिरलं. अलाउन्स दर महिन्याला येतो, पण घरमालकाला वर्षाचं भाडं मोजक्या चेकमध्ये आगाऊ पाहिजे, वर ५ टक्के डिपॉझिट, एजंटचं कमिशन, आणि वीज-पाण्याचे २,००० दिरहम डिपॉझिट वेगळेच. बिचारीने पहिलं वर्ष घरून पैसे मागवून काढलं. तेव्हापासून मी कुकरबद्दल बोलत नाही.

शाळा कशी आहे ते कळायला केएचडीएचे, म्हणजे दुबईतल्या खाजगी शाळांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचे, रिपोर्ट फुकट वाचता येतात. सगळे वरचं 'गुड', 'व्हेरी गुड' बघून थांबतात. तुम्ही आत शिक्षकांच्या माहितीत टर्नओव्हरची टक्केवारी असते ती बघा, रिपोर्ट जुना असला तरी. दरवर्षी भसाभस शिक्षक सोडून जात असतील तर त्याला काहीतरी कारण असणारच.

अटेस्टेशनचं, म्हणजे डिग्री खरी असल्याच्या सरकारी शिक्क्यांचं, पण आधीच विचारून घ्या. यूएईला अपोस्टिल (बऱ्याच देशांत चालणारा एकच शिक्का) चालत नाही, डिग्रीवर राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय, मग यूएई दूतावास आणि तिकडे पोचल्यावर परत त्यांचं मंत्रालय, प्रत्येक ठिकाणी पैसे. माझ्या शाळेने पावत्या घेऊन सगळे परत दिले, ते पण न मागता, इथे पूर्ण मार्क.

आता सुट्टीत घरी आहे आणि रिन्यूअलचं लेटर मेलवर आलंय. पगारात किरकोळ वाढ. होम एअरपोर्ट परत मुंबई. मी सही न करता तेवढी ओळ लाल करून परत पाठवलीये, नवरा म्हणतो एवढ्यावरून कोणी अडून बसतं का, त्याला म्हटलं पुढच्या वेळी तू ये मध्यरात्री मुंबईला घ्यायला.

पाचपैकी साडेतीन. पुणे लिहून आलं तर चार.