व्हेलॉसिटीची डागडुजी: क्यूबेसचा लॉजिकल एडिटर की लॉजिकचं मिडी ट्रान्सफॉर्म?

कीबोर्डवर ढोलकी वाजवून रेकॉर्ड केली की प्रत्येक थापेचा जोर, म्हणजे व्हेलॉसिटी, मिडीत (वाजवलेल्या नोटा आकड्यांत साठवायच्या पद्धतीत) १ ते १२७ मधला एक आकडा होऊन बसतो. दोनशे थापा एकेक करून सुधारत बसणं म्हणजे रात्र घालवणं. क्यूबेस आणि लॉजिक प्रो या संगीत रेकॉर्ड करायच्या दोन्ही सॉफ्टवेअरकडे ‘अमुक नोटा शोध, त्यांचं तमुक कर’ असं सांगायची सोय आहे; क्यूबेसमध्ये तिला लॉजिकल एडिटर म्हणतात, लॉजिकमध्ये मिडी ट्रान्सफॉर्म. तुमच्याकडे विंडोज असेल तर निवड तिथेच संपते, कारण लॉजिक फक्त ॲपलच्या यंत्रांवर चालतं. मॅक असेल तर मात्र विचार करायला हवा.

आधी गणिताचं बोलू, कारण खरी चूक तिथेच होते. थापा दबल्यासारख्या वाटल्या की आपण सरसकट १.२ ने गुणतो. १०० चे १२० होतात, पण ११० आणि १२० दोन्ही १२७ वर जाऊन आदळतात, आणि वादकाने दोन थापांत ठेवलेला फरक कायमचा जातो. त्यापेक्षा ०.६ ने गुणून ४० मिळवा. ३० चे ५८ होतात, ६० चे ७६, ९० चे ९४ आणि १२० चे ११२. हलक्या थापा वर येतात, जड थापा किंचित खाली बसतात, आणि चढउतार कमी झाला तरी त्यांचा क्रम तोच राहतो. क्यूबेसमध्ये यासाठी कृतीच्या दोन ओळी लागतात, आधी गुणाकार, मग बेरीज. लॉजिकमध्ये ‘स्केल’ ही एकच क्रिया दोन्ही करते.

शोधण्याच्या बाबतीत मात्र क्यूबेस पुढे आहे. तिथे अटी ‘आणि’, ‘किंवा’ने जोडता येतात, कंस घालता येतात. ‘धा किंवा ना, आणि जोर ४० पेक्षा कमी’ हे एका दमात सांगता येतं. लॉजिकमध्ये भरलेल्या सगळ्या अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात, त्यामुळे ‘किंवा’साठी बहुतेकदा काम दोनदा चालवावं लागतं. क्यूबेसची मला सगळ्यात आवडणारी अट म्हणजे नोटेची बारमधली (ठरावीक मात्रांच्या गटातली) जागा. केहरव्याचं आवर्तन एका बारमध्ये बसवलं असेल, तर समेवरची थाप वगळून बाकीच्या नोटा थोड्या मागेपुढे सरकवता येतात. सम जागची हलली तर ठेका मोडतो, मग त्याला कितीही ‘ह्यूमनाइज’ (माणसाने वाजवल्यासारखं करणं) म्हणा.

लॉजिकची ताकद नकाशात आहे. ० ते १२७ या १२८ आकड्यांपैकी कोणत्या आकड्याचा कोणता आकडा व्हावा हे तिथे चक्क माउसने रेघ ओढून ठरवता येतं. सूत्र सुचत नाही पण कानाला हवं ते कळतं, अशा माणसासाठी याहून चांगलं साधन मी पाहिलेलं नाही.

साठवणीतला फरक छोटा दिसतो, पण रोज जाणवतो. लॉजिकमध्ये तुम्ही बनवलेला ट्रान्सफॉर्म संच त्या प्रोजेक्टसोबत राहतो, दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये हवा असेल तर आयात करावा लागतो. क्यूबेसमध्ये प्रीसेट (साठवून ठेवलेला संच) सगळीकडे मिळतो आणि त्याला कीबोर्डवरची एखादी कळ नेमून देता येते. रोज तेच काम करणाऱ्याने क्यूबेस घ्यावं, असं माझं स्पष्ट मत याच कारणामुळे आहे. फक्त घेण्याआधी आपल्या आवृत्तीत लॉजिकल एडिटर आहे ना, हे तपासा.

मींडेबद्दल सावधान. वाद्याचा पिच बेंडचा (सूर वर-खाली वाकवण्याचा) पल्ला २ सेमीटोनांवरून (अर्ध्या स्वरांवरून) १२ वर नेला, तर आधी रेकॉर्ड केलेले बेंड एक षष्ठांश करावे लागतात. थेट ६ ने भागलंत तर ८१९२ हा मध्यबिंदू, जिथे सूर वाकलेला नसतो, १३६५ च्या आसपास जातो आणि सगळं बेसूर होतं. बेंडच्या आकड्याच्या फक्त जाड बाइटवर (० ते १२७ मधल्या ढोबळ भागावर) भागून ५३ मिळवले तर मध्य ६४ वर परत येतो, पण १२८ पायऱ्यांच्या जेमतेम २२ उरतात आणि मींड अडखळते. पल्ला जुनाच ठेवा.

मूळ नोटा न बदलता वाजवतानाच आकडे बदलायचे असतील, तर क्यूबेसचा ट्रान्सफॉर्मर हा लॉजिकल एडिटरसारखाच मिडी इफेक्ट आहे. लॉजिकमध्ये स्क्रिप्टर आहे, आणि जावास्क्रिप्ट लिहिता येत असेल तर तो कुठच्या कुठे नेतो.