चाळिशीनंतर कुंग फूचा क्लास: सोलापुरातला अनुभव

पाय मजबूत करायचे असतील आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायचा कंटाळा नसेल, तर कुंग फूचा क्लास जरूर लावा. मारामारी यावी किंवा पोट उतरावं म्हणून लावणार असाल तर पैसे वाचवा. गेल्या पावसाळ्यात लेकाला क्लासला सोडता-आणता मीही नाव घातलं, आता उन्हाळा संपत आलाय. बँकेत दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या बाईचा हा अनुभव आहे, विशीतल्या पोरांचा वेगळा असू शकतो. क्लबचं नाव लिहीत नाही. खाली थोडं वाकडंही लिहिलंय आणि सरांशी रोज गाठ आहे.

सुरुवातीचे कितीतरी आठवडे हात चालवायला मिळतच नाहीत. नुसतं माबू, म्हणजे घोड्यावर बसल्यासारखं उभं राहणं. दोन पायांत साधारण आपल्याच तीन पावलांच्या लांबीएवढं अंतर, चवडे समोर, मांड्या जमेल तितक्या आडव्या, पाठ ताठ, मुठी कमरेला, आणि तसंच थांबायचं. सर मांड्यांवर काठी आडवी ठेवतात. ती घरंगळली की पुन्हा पहिल्यापासून. पहिल्यांदा वाटतं, यात काय अवघड आहे? मग मांड्या थरथरायला लागतात आणि ती थरथर काठीत उतरते. काठीची दोन्ही टोकं लटलट हलताना समोरच्या रांगेला दिसतात. घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबतो, पण पुसायला मूठ सोडायची नाही. मोजणी चिनीत चालते, यी, अर, सान, स. ओरडा मराठीत बसतो. आणि मागच्या रांगेत एक मोठा मुलगा लहानग्यांना तेलुगूत समजावत असतो, कारण निम्मी पोरं पद्मशाली घरांतली. मला ‘काकू, गुडघा आत चाललाय’ असं सांगायला त्यातलं सगळ्यात छोटं पोरगं पुढे असतं.

तो गुडघाच सगळ्यात महत्त्वाचा. माबूत गुडघा पावलाच्या बोटांच्या रेषेत राहिला पाहिजे. मुख्य सर हे बारकाईने बघतात. ते नसले की मदतनीस मुलं ‘अजून खाली, अजून खाली’ करत खांदे दाबतात, ते मला अजिबात पटत नाही. दिवाळीच्या सुमारास माझा उजवा गुडघा चांगलाच धरला होता. फिजिओथेरपिस्टने वरच थांबा म्हणून सांगितलं, तेव्हापासून मी मांड्या आडव्या करायचा नाद सोडला आणि दुखणं थांबलं. पन्नाशीच्या पुढच्यांनी हे पहिल्याच दिवशी सरांना सांगून ठेवावं.

माबूनंतर गोंगबू, पुबू, शुबू, शेबू ही उभं राहण्याची बाकीची तंत्रं येतात आणि मग ती पाचही गुंफलेला वुबूछुआन हा छोटा फॉर्म, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका. बाहेरच्या पाटीवर ‘पारंपरिक शाओलिन’ (कुंग फूसाठी गाजलेला चीनमधला मठ) असं ठसठशीत लिहिलंय, पण हा फॉर्म आजच्या वुशूतही, म्हणजे स्पर्धांच्या आधुनिक चिनी युद्धकलेतही, नवशिक्यांना पहिल्यांदा शिकवतात. त्यात कमीपणा काही नाही, पाया पक्का होतो. पण विंग चुन, हुंग गार, ताई ची या सगळ्या कुंग फूच्याच वेगवेगळ्या वाटा आहेत आणि आपण कुठल्या वाटेवर आहोत हे क्लबने सरळ सांगावं. ब्रूस ली बघून आलेली दोन पोरं ‘इप मॅनचं केव्हा सुरू होणार?’ असं विचारत राहिली आणि शेवटी कंटाळून गेली. इप मॅन म्हणजे ब्रूस लीचे गुरू. त्या पोरांना हवं होतं ते त्यांचं विंग चुन, आणि ते इथे शिकवतच नाहीत. क्लबच्या कपाटात विकायला ननचाकू, म्हणजे साखळीने जोडलेल्या दोन दांड्या, मात्र आहेत. ते हत्यार मुळात जपानच्या ओकिनावा बेटाकडचं! शाओलिनच्या पाटीखाली ते बघून मला हसू आवरत नाही.

भिंतीवर बोधिधर्माचा, म्हणजे भारतातून चीनला गेलेल्या बौद्ध भिक्षूचा, मोठा फ्लेक्स आहे. कुंग फू आपल्या माणसाने चीनला दिलं, असं नव्या पालकांना दरवेळी ऐकवलं जातं. ऐकायला छान वाटतं, पण इतिहासाचे अभ्यासक हे मानत नाहीत. शाओलिन मठ इ.स. ४९५ च्या सुमारास उभा राहिला तो बातुओ या भारतीय भिक्षूसाठी, बोधिधर्म तिथे नंतर आला असं परंपरा सांगते, आणि ज्या व्यायामाच्या ग्रंथाचं श्रेय त्याला देतात तो सतराव्या शतकातला आहे. सोलापूरला चीनशी नातं सांगायचंच तर डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा फोटो लावा की! १९१० साली इथे जन्मले, १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार करत १९४२ मध्ये तिथेच वारले. भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे. क्लासमधल्या किती पोरांनी ते पाहिलंय, देव जाणे.

आता पैशांचं. महिन्याची फी रास्त आहे, तक्रार बेल्टच्या परीक्षांबद्दल आहे. जुन्या चिनी परंपरेत रंगीत बेल्ट नव्हतेच, ही पद्धत ज्युदोकडून आली. खुद्द चीननेही दुआन नावाची श्रेणी १९९० च्या दशकात आणली. इथे मात्र दर काही महिन्यांनी परीक्षा, प्रमाणपत्र, नवा बेल्ट आणि त्याची वेगळी फी. लेकाने हट्ट केला म्हणून त्याची भरली, माझी नाही भरली, आणि सरांनी मला शिकवण्यात हात आखडता घेतला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. दहावीच्या वाढीव गुणांसाठी कुणी हे बेल्ट घेत असेल तर त्याने आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन चौकशी करावी. ते गुण मान्यताप्राप्त स्पर्धांतल्या कामगिरीवर असतात, क्लबच्या बेल्टवर नव्हे.

गणवेशाची तर कमालच. चादरी-टॉवेलच्या या गावात बाहेरून मागवलेला पॉलिस्टरचा काळा ड्रेस गळ्यात मारतात. एप्रिलमध्ये पत्र्याच्या हॉलमध्ये तो घालून बघा! मी शिंप्याकडून सुती शिवून घेतला, कुणी काही म्हटलं नाही. चिनी बूट घ्यायचीही गरज नाही, शाळेच्या पीटीचे पातळ तळाचे कॅनव्हास बूट चालतात.

जोडीने करायचे डाव आहेत, पण ते ठरवून दिलेले. तो मुक्का मारणार, मी अडवणार, हे दोघांनाही आधीच माहीत. रस्त्यात गळ्यातलं ओढणारा असं सांगून येत नाही. ग्लोव्ह्ज, छातीवरचं पॅड घालून खरोखर लढायचं असेल तर वुशूतलाच सांडा हा प्रकार शिकवणारी जागा शोधा. आमच्याकडे मोठ्यांना तो शिकवत नाहीत.

मग मिळालं काय? वजन दीड-दोन किलो उतरलं, तेही उपासांमुळे असेल. पण आता जमिनीवरून हात न टेकता उठते, एका पायावर उभी राहून सॉक्स घालते, आणि बँकेचा जिना चढताना कठडा धरत नाही. लेक मात्र घरी अजूनही तसाच धिंगाणा घालतो, शिस्त-बिस्त काही आलेली नाही.

वर्गाची हजेरी गावाच्या तालावर चालते. गणपतीआधी मोठी पोरं लेझीमच्या सरावाला जातात, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत कुणी फिरकत नाही, आणि नळाला पाणी यायचा दिवस असला की आम्ही बायका गायब. हे सर समजून घेतात आणि चुकलेलं पुन्हा शिकवतात.

पुढच्या महिन्यापासून आमच्या बॅचची काठी सुरू होणार आहे. लहानपणी लाठी फिरवलेल्या एक ताई आहेत, त्यांचं मनगट आत्ताच सगळ्यांपेक्षा मोकळं चालतं. क्लबची पॉलिश केलेली काठी महाग आहे, त्यामुळे आम्ही चौघीजणी बाजारातून बांबू आणणार आहोत.