पोच येण्याआधीच सगळं भाडं देऊन बसलो

मी अमळनेर तालुक्यातला, बी.कॉम. झालेला. चोपड्याला मामा केळीच्या गाड्या लावून देतात. कॉलेजच्या सुट्ट्यांत त्यांच्याकडे बसून मी बिल्ट्या, म्हणजे गाडीत भरलेल्या मालाच्या पावत्या, लिहिल्या आहेत. म्हणजे हा धंदा मला नवीन नव्हता. फक्त ताडपत्रीच्या वासाऐवजी एसीत बसून तो करावा असं वाटायचं, आणि त्याच हौसेपायी मी फसलो.

जळगावात एका कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर ‘लॉजिस्टिक्स अँड ट्रान्सपोर्ट मॅनेजमेंट’चा ११ महिन्यांचा डिप्लोमा, फी ९० हजार, ‘नोकरीची १०० टक्के लेखी हमी’. पहिल्या दिवशी पडद्यावर केंद्र सरकारची गतिशक्ती योजना, २०२२ चं राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण, न्हावा शेवा बंदर असं सगळं दाखवलं. त्यातलं काहीच खोटं नव्हतं, म्हणून तर मी मान डोलावत बसलो.

एवढे पैसे एकदम नाहीत म्हटल्यावर तिथल्या मॅडम म्हणाल्या, “दादा, शून्य टक्के व्याज, महिन्याला फक्त पाच हजार.” फीचा फॉर्म म्हणून माझाच मोबाइल घेतला. आधार, पॅन, सेल्फी, तीन ओटीपी. चहा गार व्हायच्या आत झालं. तो फीचा हप्ता नव्हताच. माझ्या नावावर एका फायनान्स कंपनीचं १८ महिन्यांचं कर्ज झालं होतं, आणि सगळी रक्कम संस्थेच्या खात्यात गेलीसुद्धा. कर्जाचा करार मला ईमेलवर आला होता. मी तो उघडला चार महिन्यांनी.

शंका यायला हवी होती ती दुसऱ्याच महिन्यात. सरांनी सांगितलं की चोपड्याहून दिल्लीला केळी पाठवायची तर ई-वे बिल, म्हणजे जीएसटीच्या पोर्टलवरून काढायचा माल वाहतुकीचा परवाना, लागतं, आणि ते १०० किलोमीटरला एक दिवस चालतं. रात्री मामांना विचारलं तर ते हसतच सुटले. “तुले हाई कोनी शिकाडं रे?” ताज्या केळीवर जीएसटीच नाही, त्यामुळे तिला ई-वे बिल लागत नाही. आणि ज्या मालाला लागतं, त्याचा हिशोब २०२१ पासून साध्या गाडीला दिवसाला २०० किलोमीटर आहे. म्हणजे सर जुन्या स्लाइड वाचून दाखवत होते. तरी मी गप्प बसलो. पैसे भरलेत म्हटल्यावर माणूस स्वतःचीच समजूत काढतो.

सातव्या महिन्यात ‘ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह’चं पत्र मिळालं, भिवंडीजवळ मानकोलीचं. तिथे गेलो तर मजूर ठेकेदाराच्या हजेरीवर नाव. १२ तास खोके स्कॅन करून रॅकवर लावायचे, हातात १३ हजार, खोली आपली आपण. खोके उचलण्यात कमीपणा नाही, गोडाऊनचं काम तिथूनच कळतं. पण माझ्या शेजारी उभा असलेला नंदुरबारचा पोरगा त्याच कामावर गेटवरून थेट लागला होता, एक रुपया न देता. संस्थेला फोन केला तर म्हणे, “हमी नोकरीची होती, पदाची नाही.” दोन महिन्यांनी फोन लागेना. जळगावला गेलो तर शटर खाली, दारावर भाड्याने देण्याचा बोर्ड.

हप्ता मात्र दर ५ तारखेला कापला जातो. तो थांबवला तर सिबिल माझं बिघडतं, त्यांचं काही नाही. मामा म्हणाले, “आम्ही गाडीवाल्याले माल पोचल्याची सही, म्हणजे पोच, हातात आल्याशिवाय बाकीचं भाडं देत नाही. तू माल भरायच्या आधीच पूर्ण भाडं देऊन बसला.”

आता जे कळलंय ते सांगतो. ब्रोशरवर ज्या परराज्यातल्या विद्यापीठाचं नाव होतं, त्याला हा कोर्स ऑनलाइन चालवायची मान्यता नव्हती. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या पोर्टलवर पाच मिनिटांत दिसलं असतं. पीजीडीएम, म्हणजे व्यवस्थापनाचा पदव्युत्तर डिप्लोमा, म्हणत असतील तर एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता बघा, कौशल्याचा कोर्स असेल तर राष्ट्रीय पात्रता नोंदवहीत शोधा. रीतसरच शिकायचं तर वडोदऱ्याला गतिशक्ती हे केंद्रीय विद्यापीठ आहे, आपल्या नंदुरबारवाल्यांना ते मुंबईपेक्षा जवळ. ओटीपी देण्याआधी कर्ज कोणाच्या नावावर होतंय ते विचारा, ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाचा सगळा खर्च आणि अटी सांगणारा कागद, मागा. अ‍ॅपवरून घेतलेलं कर्ज ठरावीक मुदतीत, मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन, दंडाशिवाय परत करता येतं. मला हे माहीत असतं तर त्या मुदतीतच सुटलो असतो.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. फायनान्स कंपनीला लेखी कळवलं, ३० दिवसांत समाधान झालं नाही म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेलो. आमच्या बॅचचे अकरा जण मिळून जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहोत. हमीपत्र आमच्यापैकी फक्त तिघांनी जपून ठेवलंय, बाकीच्यांनी ते ‘लागेल तेव्हा देऊ’ म्हणून संस्थेकडेच ठेवलं होतं. मी सध्या धुळ्याला एका ट्रान्सपोर्टमध्ये बिल्ट्या लिहितो. सात हप्ते बाकी आहेत.